परदेशी जावे, पण उचल घेऊन नव्हे

(तेलगाव, ता. धारूर, जि. बीड येथे पालक व युवक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



स्थलांतर हा विषय बीड जिल्ह्याला बाहेरून येऊन कोणी समजावून सांगावा असा नाही. दसरा सरला की या भागातील हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. तेलगाव हे स्वतः साखर कारखान्याचे गाव असल्यामुळे उसाच्या फडातील जीवन आपण सारे जवळून पाहत आला आहात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराने होते. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचे, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. घर सोडावे लागते, हे या व्यवहारातील खरे दुःख नव्हे. निघण्यापूर्वीच माणूस बांधला जातो आणि आपल्या श्रमाचा भाव ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती उरत नाही, हे खरे दुःख आहे. आजच्या विषयाकडे आपण याच अनुभवाच्या प्रकाशात पाहावे, अशी माझी विनंती आहे.

गेल्या काही वर्षांत एक नवी वाट उघडली आहे. युद्धोत्तर काळात जन्मलेली जर्मनीतील मोठी पिढी निवृत्त होत आहे आणि रुग्णालयांत, कारखान्यांत, बांधकामांवर कुशल हातांची उणीव भासत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. २०२४ मध्येच महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल युवक पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यात डॉक्टर-अभियंत्यांपेक्षा परिचारिका, वीजतंत्री, गवंडी, सुतार, नळजोडणी कारागीर, वाहनचालक यांचा विचार अधिक होता. आयटीआयच्या मुलाला युरोपातून बोलावणे येण्याचा हा प्रसंग आपल्या समाजाला नवा आहे.

अशा वेळी घरोघरी दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणतो, परदेशी जाणे म्हणजे मातृभूमीशी प्रतारणा. कोणी म्हणतो, कसेही करून एकदा बाहेर पडा. पहिल्या मताला स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फार पूर्वीच उत्तर दिले आहे. हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या त्यांनी दाखवून दिल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्र ओलांडणे पाप मानणाऱ्या समाजाने जगाचा व्यापार आणि जगाचे ज्ञान दोन्ही गमावले. ती बेडी आता पुन्हा पायात घालण्याचे कारण नाही. दुसरे मत मात्र अधिक धोकादायक आहे, कारण ‘कसेही करून’ या दोन शब्दांतच मुकादम दडलेला असतो.

कुशल माणूस आणि राबणारा हात यांत परदेशात भेद करणारी मुख्य गोष्ट कोणती? ती आहे भाषा. हातात कसब असूनही तोंडात भाषा नसेल, तर करारपत्र दुसऱ्याने वाचून दाखवावे लागते, वेतनाचा हिशेब दुसऱ्याने सांगावा लागतो, आजारपणात डॉक्टरांशी दुसऱ्याने बोलावे लागते. तो ‘दुसरा’ म्हणजेच नवा मुकादम. जर्मनीने स्वतः याचा धडा घेतला आहे. १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून तिने कामगार आणले. हे काही वर्षांचे पाहुणे आहेत, परत जातील, या समजुतीने त्यांना भाषा शिकवण्याची व्यवस्था नीट झाली नाही. १९७३ मध्ये भरती थांबली, पण अनेक कुटुंबे तेथेच राहिली आणि कित्येकांच्या पुढच्या पिढीलाही शाळेत त्याची किंमत मोजावी लागली. म्हणूनच आज तेथे भाषेच्या परीक्षेला एवढे महत्त्व आहे. कामाबरोबर शिक्षण देणाऱ्या, ‘आउसबिल्डुंग’ नावाच्या त्यांच्या प्रशिक्षणासाठी सामान्यतः बी-१ पातळी लागते. परिचारिकेला व्यावसायिक मान्यतेसाठी साधारणपणे बी-२. पायऱ्या अशा आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२. या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचायला सुमारे ६०० ते ८०० तासिकांचे अध्ययन लागते. दोन महिन्यांत जर्मन शिकवून विमानात बसवतो असे कोणी सांगत असेल, तर तो भाषा शिकवत नसून स्वप्न विकत आहे.

मात्र या भाषेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजीच्या भयाने खचलेल्या आपल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो, की मराठी माणसाला जर्मन अनेक बाबतींत ओळखीची वाटेल. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. जर्मनमध्येही तीनच आहेत. विभक्ती आपल्याला नवी नाही. आपण ‘एकवीस’ म्हणताना आधी एक आणि मग वीस म्हणतो. जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असेच म्हणतो. गौण वाक्यात त्यांचे क्रियापद आपल्यासारखे शेवटी जाते. संस्कृतातील ‘मातृ’ तेथे ‘मुटर’ होते, ‘स्वसृ’ ‘श्वेस्टर’ होते. हे नाते ओळखूनच तेथील पंडितांनी संस्कृतचा अभ्यास आरंभला आणि १८१८ मध्ये बॉनला संस्कृतचे अध्यासन सुरू झाले. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेला भारतात मॅक्स म्युलर भवन म्हणतात. मॅक्स म्युलर यांच्या अनेक मतांशी आपले तीव्र मतभेद आहेत. परंतु भारतात एकदाही न येता त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद संपादित केला, ही चिकाटी शिकण्यासारखी आहे. ज्याचे व्याकरण मराठीत पक्के आहे, त्याला जर्मन लवकर साधते. त्यामुळे मातृभाषेची उपेक्षा करून परकी भाषा येईल, हा भ्रम पालकांनी सोडावा.

आपल्याच महाराष्ट्रातील दोन माणसे या वाटेने गेली होती. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजमध्ये गणित शिकले आणि पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत संहितांच्या संपादनाची शास्त्रीय पद्धती आत्मसात केली. परत आल्यावर १९२५ पासून १९४३ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला वाहून घेतले. विद्या बर्लिनची आणि कार्य व्यासांचे! दुसऱ्या इरावती कर्वे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीवरील आपला प्रबंध त्यांनी जर्मन भाषेत लिहिला. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते. परंतु मोजमापांतून त्या विचाराला आधार मिळत नाही, हा निष्कर्ष या मराठी स्त्रीने निर्भयपणे मांडला. पुढे त्यांच्याच लेखणीतून ‘युगान्त’ उतरले. भाषा येत होती, म्हणून गुरूच्या देशात गुरूपुढे सत्य सांगता आले. आपला मुलगा कारखान्यात कामाला असो वा रुग्णालयात, अन्याय्य गोष्टीला तेथील भाषेत ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याच्याजवळ असले पाहिजे.

आता व्यवहाराचे बोलू. शेत गहाण टाकून, सावकाराकडून पैसे उचलून दलालाच्या हाती देणे, ही उसाच्या उचलीचीच दुसरी आवृत्ती आहे. फरक एवढाच, की फडातून रात्रीतून गावी परतता येते, युरोपातून नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक केली. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील कर अशी ठरवण्यात आली आहे. लाखांची मागणी करणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा. करारपत्र जाणकाराकडून वाचून घ्या. पर्यटक व्हिसावर जाऊन नोकरी मिळेल, असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊन ठेवू नका.

आणखी एक प्रश्न वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत मला दिसतो : मुले गेली, तर येथे कोण राहील? या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही, आणि पैसे पाठवल्याने तो सुटतही नाही. म्हणून जाणाऱ्याने आई-वडिलांशी मोकळेपणाने बोलावे, किती वर्षांसाठी जायचे ते ठरवावे, शेती आणि औषधपाणी कोण पाहणार याची व्यवस्था लावूनच निघावे. मागे राहिलेल्या घराकडे लक्ष ठेवणे हे गावाचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. तेथे गेलेल्यांनीही एकटे पडू नये. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, १९४७ मध्ये स्वयंसेवकांनी केनियात शाखा सुरू केली. मोजकीच माणसे एकत्र आली, तरी सण, संस्कार आणि मराठी टिकते. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा हा जिल्हा आहे. येथून गेलेल्या घरात मुले मराठी विसरली, तर ती हानी मोठी ठरेल.

हे सारे प्रत्यक्षात यायचे, तर तालुक्याच्या गावी भाषेचा वर्ग हवा. शहरातील महागडी खोली आणि शुल्क परवडत नाही म्हणून ऊसतोड कामगाराच्या मुलीची संधी जाता कामा नये. निवृत्त शिक्षकांनी मराठी-संस्कृत व्याकरण शिकवावे, जर्मन जाणणाऱ्याला आठवड्यातून दोन दिवस बोलवावे, शाळेची खोली संध्याकाळी उघडी ठेवावी. दहा विद्यार्थ्यांनी आरंभ होऊ शकतो. त्या दहांपैकी चारच जातील. उरलेल्या सहांना आलेली भाषा वाया जाणार नाही. ज्या घरातून आजवर कोयता घेऊन माणसे निघाली, त्या घरातील मुलगी कसब आणि भाषा घेऊन, कोणाचेही देणे न लागता निघावी, एवढे काम आपण येथे तेलगावातच सुरू करू शकतो.