मेंदूतील दाह आणि निसर्गाची पाचर

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



नववीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "डॉक्टरसाहेब, आमच्या दादीला हल्ली काही आठवत नाही. मेंदूची सूज उतरवणारी नैसर्गिक गोळी मिळते म्हणून अब्बांनी ती आणली आणि रक्तदाबाची गोळी बंद केली. चालेल ना?" तिला दिलेले उत्तरच आज आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडतो.

मेंदूची सूज हा काही नवा शोध नव्हे. जुने हकीम तिला 'सरसाम' म्हणत. इब्न सीना यांनी अकराव्या शतकातील आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात तिचे विवेचन केले आहे. मेंदूतील दाहात ज्यांचा मोठा वाटा असतो त्या मायक्रोग्लिया पेशी मात्र 1919 साली स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी वेगळ्या ओळखून दाखवल्या. या पेशी मेंदूचे पहारेकरी आहेत आणि सफाई कामगारही आहेत. जंतू आले की त्या इशारा देतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टाकतात.

गिळलेला कचरा पचतो कसा? त्यासाठी आपण स्वयंपाकघरात जाऊ. कबाबाचे मटण मऊ व्हावे म्हणून अम्मी त्याला कच्ची पपई लावते. पपईत पपेन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. मायक्रोग्लियाच्या आत इवल्या पिशव्या असतात. त्यांत याच कुळातली विकरे असतात, त्यांना कॅथेप्सिन म्हणतात. ती पिशवीत राहिली तर काम चोख होते. पण पिशवी फाटली की कॅथेप्सिन बाहेर सांडते, इंटरल्युकिन-1 बीटा नावाचे दाह वाढवणारे द्रव्य सुटते आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही झळ लागते. अल्झायमर रोगात साठणाऱ्या प्रथिनामुळे असे घडू शकते, हे 2008 साली उंदराच्या मायक्रोग्लियावरील प्रयोगांत दिसले.

मग याला आवर कोण घालते? पुन्हा स्वयंपाकघरातच पाहा. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात पपेनला थोपवणारे एक प्रथिन आहे, त्याचे नाव सिस्टॅटिन. लाकडाच्या फटीत पाचर बसावी तसे ते विकराच्या खाचेत जाऊन बसते. मग विकराला काही कापता येत नाही. याच घराण्यातले सिस्टॅटिन-सी आपल्या शरीरात तयार होते आणि मेंदूभोवतीच्या द्रवात ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. बाहेर सांडलेल्या कॅथेप्सिनला निसर्गाने घातलेला हा लगाम आहे.

पण पालकहो, येथेच सावध राहावे. अंडे खाल्ले म्हणून त्यातले सिस्टॅटिन मेंदूत पोहोचत नाही. इतर प्रथिनांसारखे तेही पोटात पचून जाते. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातल्या पेशींत दाह वाढवणारी काही विकरे रोखते, हे खरे आहे. मात्र तोंडावाटे घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते. शिवाय पाचर सगळीकडेच ठोकली तर कचरा पचवण्याचे कामही बंद पडेल. आइसलँडमधील काही घराण्यांत सिस्टॅटिन-सी या प्रथिनातच आनुवंशिक दोष आहे. ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साठते आणि ऐन तारुण्यात मेंदूत रक्तस्राव होतो. तेव्हा 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे समजू नये.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले, "बेटा, रक्तदाबाची गोळी आजच सुरू करायला सांग आणि दादीला डॉक्टरांकडे घेऊन जा." वाढलेल्या रक्तदाबाने पक्षाघात होतो, स्मृतीलाही धोका पोहोचतो आणि त्यावर खात्रीचा इलाज आहे. अब्बांनी तिचे ऐकले. दादीची गेलेली स्मृती परत आली नाही, पण ती आजही घरात हिंडते-फिरते आणि नातीच्या हातचा चहा घेते.

विद्यार्थी मित्रहो, योग्य जागी, योग्य वेळी आणि बेताने बसणारी पाचर कशी घडवावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यासाठी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मन लावून शिकलेली मुले-मुली हवी आहेत. पालकांनो, दहावीनंतर मुलीने विज्ञान घेण्याची इच्छा सांगितली, तर तिला अडवू नका. आपल्या अब्बांच्या हातातली गोळी पाहून जिने प्रश्न विचारला, ती मुलगीच होती.