मरणाचं कारण कागदावर येऊ द्या
(कल्याण येथील महिला मेळाव्यातील भाषण)



१९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. म्हणजे सगळे विशीतच मरत होते का? नाही. पाच बाळांपैकी दोन तान्हेपणीच गेली आणि तिघं साठीपर्यंत जगली, तर सरासरी छत्तीसच येते. प्लेग, पटकी, देवी, १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी लहान मुलं, तरुण माणसं नेली, म्हणून आकडा खाली होता.

बाईचं तर दुहेरी मरण. १९७०-७५ मध्ये पुरुषाचं आयुर्मान साडेपन्नास आणि बाईचं एकोणपन्नास होतं. बाळंतपणं, पंडुरोग, सगळ्यांनंतर उरलंसुरलं खाणं, ही त्यामागची कारणं. लसी आल्या, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि चित्र पालटलं. २०१६-२० मध्ये बाईचं आयुर्मान ७१.४, तर पुरुषाचं ६८.६ वर्षं होतं.

मग प्रश्न सुटला का? नाही, मरणाची कारणं बदलली. १९९० मध्ये देशातल्या शंभर मृत्यूंपैकी सुमारे ३८ हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग अशा आजारांनी होत होते. २०१६ मध्ये ते ६२ झाले. हे आजार गुपचूप वाढतात, आणि बाई स्वतःचं दुखणं अंगावर काढते.

आमच्या वस्तीतल्या एक ताई धुणीभांडी करायच्या. डोकं दुखायचं, चक्कर यायची. "उन्हानं असेल," म्हणायच्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पक्षाघातानं गेल्या. ब्लडप्रेशर एकदाही मोजलेलं नव्हतं. कागदावर कारण काय? 'हृदय बंद पडून.' अहो, मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं!

असे कागद आपल्याला नवे नाहीत. जळालेल्या सुनांच्या कागदावर 'स्टोव्हचा भडका' लिहिलं जायचं. त्या कागदाला प्रश्न विचारायला आपण चळवळीत शिकलो. इथंही तेच करायचं आहे. कारण नोंदलंच नाही, तर त्यावर उपाय कोण करणार? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दवाखान्यानं मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. ती मागून घ्या, वाचा, समजलं नाही तर डॉक्टरांना विचारा.

पण कागदाच्या आधी माणूस. पुढच्या बैठकीला तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचं ब्लडप्रेशर मोजू या. शेजारणीलाही आणा. ती "मला काय झालंय?" म्हणेल. तिलाच आधी बसवा.