एक जलाशय, अनेक वाटेकरी



बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, धनेगाव येथे मांजरा नदीस धरण बांधून विस्तीर्ण जलाशय निर्माण केलेला आहे. लातूर शहराची तहान त्यावरच भागते. २०१६ साली तो आटला, तेव्हा मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. असे पाणी कोणा एकाचे नसते. काठचा शेतकरी, जाळे टाकणारा मच्छीमार, गुरे पाण्यावर आणणारा गुराखी, आणि उद्या कोणी शिडाची होडी किंवा यंत्रनौका घेऊन आला तर तो हौशी पाहुणा, हे सारेच त्याचे वाटेकरी होत. मग यांच्यापैकी कोणी कोणास वाट द्यावी?

दर्यावर्दी लोकांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केला आहे. १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांचे सार असे की, ज्याला वळणे सोपे, त्याने वळावे. शिडाची होडी वाऱ्याच्या स्वाधीन असते; म्हणून मोकळ्या पाण्यात यंत्रनौकेने तिला वाट द्यावी. परंतु अरुंद व खोल मार्गाबाहेर ज्या मोठ्या जहाजाला जाताच येत नाही, त्याची वाट शिडाच्या होडीने अडवू नये. जाळ्यात गुंतलेल्या मच्छीमारास दोघांनीही सांभाळून जावे. दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या, तर डाव्या अंगाने वारा घेणारीने दूर व्हावे. मागून येणाऱ्याने मात्र, तो कोणीही असो, पुढच्यास चुकवूनच जावे.

हे नियम समुद्राचे आहेत. तळ्याकाठी राहणाऱ्यांसाठी त्यांत फारसे काही सापडत नाही. तेथे सौजन्यच कामी येते. धरणाचा काठ एका जागी राहत नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. पाहुण्याला जो ओसाड किनारा वाटतो, ते कोणाचे तरी शेत असते. भरधाव यंत्रनौकेची लाट काठापर्यंत पोहोचते. तिने मच्छीमाराचा लहानसा तराफा उलटू शकतो. म्हणून काठाजवळ वेग मंदच असावा, आणि पिण्याच्या पाण्यात तेलाचा थेंबही सांडू नये.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. वेगाची चाचणी असो वा खेळ, त्याची जागा इतरांच्या वाटेपासून दूरच हवी.

तेव्हा नौका पाण्यात लोटण्यापूर्वी गावकरी, मच्छीमार आणि नौकावाले यांनी एकत्र बसावे. जाळी कोठे असतील, उतरण्याची जागा कोणती, वेग कोठून कमी करावयाचा, एवढ्या तीन गोष्टी ठरवून त्यांच्या खुणा काठावर लावाव्यात. एका दुपारचे हे काम आहे. पण त्याने पुष्कळ भांडणे टळतील, आणि कदाचित एखादा जीवही वाचेल.