गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात



सिमेंटच्या टाकीत गप्पी-मोली वाढवणाऱ्या बचत गटांतून एक प्रश्न हमखास येतो. ताई, समुद्रातले रंगीत मासे महाग जातात म्हणे, गटाचे पैसे त्यात घालू का? आज त्याचंच बोलू.

मी लालबागची. आमच्याकडच्या पोरांनी असे मासे पहिल्यांदा पाहिले ते चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 साली ते सुरू झालं. काचेपलीकडचा मासा बघून वाटतं, आपल्या टाकीत मीठ टाकलं की झालं. तसं होत नाही.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? गोड्या पाण्यातला मासा खाऱ्यात टाकला की त्याच्याही अंगातलं पाणी तसंच ओढलं जातं. समुद्रातला मासा सारखं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्याला ते जमत नाही. मोली तेवढी चिवट. हळूहळू सवय लावली तर खाऱ्यातही राहते.

मीठ लागतं लिटरला साधारण 35 ग्रॅम. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी भरली तर 190 लिटर पाणी, म्हणजे साडेसहा किलो मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. मत्स्यालयाचं वेगळं मीठ मिळतं, ते महाग आहे. आणि चौपाटीवरून कळशी भरून आणू म्हणाल, तर ते पाणी घाण, पावसाळ्यात वर पातळही होतं.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची, क्लोरीन नसलेल्या. हायड्रोमीटर घ्याच, चवीवर जाऊ नका.

सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याला पचवणारे जीवाणू टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही. गटाच्या बैठकीत 'टाकी रिकामी का?' असं विचारतील. सांगा, विरजण लागतंय.

दुकानदार जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने दोन्ही संरक्षित आहेत, गुन्हा गटावर येईल. सुरुवात टाकीत जन्मलेल्या क्लाऊन माशांनी करावी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने त्यांचं बीज तयार करायची सोय उभी केली आहे, तिथे आधी चौकशी करा. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायकांचे गट असे शोभेचे समुद्री जीव वाढवतात. गंमत म्हणजे हे मासे आधी नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो आणि अंडी राखायचं काम नराकडे!

माझं मत विचाराल तर कर्ज काढून दहा टाक्या नकोत. गप्पी-मोलीचा धंदा चालू ठेवा आणि शेजारी खाऱ्या पाण्याची एकच टाकी लावा. तुमच्याकडे वीज किती वेळ जाते, तेही आधी लिहून काढा. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, पंप बंद पडला की मासे लवकर गुदमरतात. बॅटरीवरचा हवेचा पंप पहिल्या खर्चातच धरा.