मनाच्या दुखण्याला सरकारी दवाखान्याचे दार

(अमळनेर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवीत होते. आजारी मुलाच्या उशाशी बसणारे गुरुजी आपण पुष्कळदा आठवतो. त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली, हे मात्र एका वाक्यात सांगून आपण पुढे जातो. त्याची कारणमीमांसा करण्याचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्याचे अश्रू पुसणाऱ्यालाही कोणीतरी ‘तुम्हांला कसे वाटते?’ असे विचारावे लागते, एवढा बोध तरी आपण घ्यायला हवा होता.

तो आम्ही घेतला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील एक शेतकरी कार्यकर्ता बैठकांना येईनासा झाला. आम्ही त्याला निष्क्रिय ठरवून पदावरून दूर केले. ठरावाचा मसुदा मीच लिहिला होता. पुढे कळले, की तीन महिने त्याला धड झोप नव्हती आणि घरचे त्याला भगताकडे नेत होते. आधी अंगारेधुपारे आणि मग खाजगी औषधोपचार, यांत बैलजोडी गेली. हाच उपचार सरकारी रुग्णालयात मिळतो हे त्याला ठाऊक नव्हते. आणि लाजेची गोष्ट अशी, की आम्हांलाही नव्हते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याचे कलम १८ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील, निराधार वा बेघर माणसाला तो विनामूल्य मिळाला पाहिजे, मग त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो. त्यासाठी रुग्णाला दूरचा प्रवास करावा लागता कामा नये. आवश्यक औषधांच्या सरकारी यादीतील मानसोपचाराची औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्वत्र, सर्व काळ आणि मोफत उपलब्ध असली पाहिजेत. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला खटल्यापासून संरक्षण दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या धाकाने असा माणूस घरात लपवू नका, त्याला रुग्णालयात न्या.

आता प्रत्यक्ष वाट. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री, पैसे न देता, मराठीतून बोलता येते. त्यापुढे आपल्या तालुक्याचे सरकारी रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही शुल्क नाही. तज्ज्ञाची गरज पडल्यास जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत.

पण मोफत उपचारालाही किंमत पडते. गाडीभाडे, रुग्णाचा बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्याचाही रोज. औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गरीब माणूस गळतो. तो गळू नये म्हणून त्याच्यासोबत जाणे, औषध शिल्लक नसेल तर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेणे, हे संघटनेचे काम आहे. २०१५ साली राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्हे घेतले. खानदेशचा कापूस उत्पादक त्यात नव्हता. न मागणाऱ्याच्या वाट्याला असेच येते.

काही मित्र विचारतील, ‘झोप कर्जाने उडाली आहे, गोळीने कर्ज फिटते काय?’ फिटत नाही. भावाची, पाण्याची, कर्जमुक्तीची लढाई सोडून केवळ समुपदेशन देणे ही फसवणूक होईल, हे मला मान्य आहे. पण ती लढाई लढायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे. क्षयाचे मूळ दारिद्र्यात आहे म्हणून आपण क्षयरोग्याचे औषध थांबवीत नाही.

दुसरी शंका डॉक्टरांच्या तुटवड्याची. ती खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक विकारांचे ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना आढळले. परंतु गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सामान्य, प्रशिक्षित समुपदेशकांना सरकारी आरोग्यकेंद्रांत नेमून केलेल्या प्रयोगात नैराश्याचे व चिंताविकाराचे रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले आहेत. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आजीबायांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसविले. लोक त्यांच्यापाशी मन मोकळे करतात. आपल्या गावोगावी पार आहेत, ओटे आहेत; ऐकून घेणारे तयार करावे लागतील. मात्र ज्याला भास होतात, ज्याच्या तोंडी मरणाची भाषा आहे, त्याला ओट्यावर बसवून ठेवू नका. त्याला एकटे न सोडता डॉक्टरकडे पोहोचवा.

म्हणून माझ्या सूचना तीनच. प्रत्येक शाखेच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक लिहा. तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचाराची कोणती औषधे आहेत, याची दर महिन्याला चौकशी करा. आणि बैठकीला सलग दोनदा न आलेल्या सोबत्याच्या घरी नोटीस पाठवू नका, स्वतः जा.

आमचा तो कार्यकर्ता आज बरा आहे. पहिल्या खेपेला त्याच्यासोबत जळगावला गेलो, तेव्हा गाडीत तो मला एवढेच म्हणाला, ‘तुम्ही आधी यायला पाहिजे होतं.’