वैशाखातील एक दिवस, अलिबागला

पांढुर्ण्याच्या माणसाला पाणी म्हणजे जाम नदी. पावसाळ्यात ती काठ भरून वाहते आणि मे महिन्यात पात्रात दगडच उरतात. अशा गावात मी वीस वर्षे मुलांना भरती-ओहोटी शिकवीत आलो. फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि समुद्र काढावयाचा, बाण दाखवावयाचे, की धडा संपला. दरवर्षी एखादा मुलगा विचारी, "गुरुजी, तुम्ही समुद्र पाहिला आहे का?" आणि मी पुढचे पान उलटीत असे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आईला घेऊन अलिबागला गेलो. तिची पंचाहत्तरी झाली, परंतु नागपूरच्या पुढे तिने पाऊल टाकले नव्हते. त्या मुक्कामातील एका दिवसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

किनाऱ्यावरची माणसे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. त्या दिवशी वैशाख वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. सकाळी आम्ही घोडागाडीने कुलाबा किल्ल्यावर गेलो. उतरताना गाडीवाल्याने बजावले, "दादा, नऊच्या आत फिरा."

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचे काम सुरू करविले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. तटाचे प्रचंड दगड चुन्यावाचून एकमेकांवर बसविलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते व परत जाते, त्यामुळे तटावर जोर बसत नाही. परंतु आईला तटाचे कौतुक नव्हते. ती विहिरीपाशी बसली. "अरे, चहूकडे खारे आणि मध्ये हे गोडे!" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणे. उन्हाळाभर घागरी मोजणाऱ्या बाईला तेथून उठवणे मला जमेना.

निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते. वाटेत पाणी गुडघ्याला लागले आणि मला घाम फुटला. फळ्यावर ज्याचा बाण मी सहज काढीत होतो, ते पाणी आता आईचा पाय हलवीत होते. "घाई करू नकोस, पाय नीट टाक," असे ती मलाच सांगत होती. इतक्यात गाडीवाला परत आला. "आजी, हात द्या," म्हणून त्याने तिला वर घेतले. मला तो काही बोलला नाही, त्याचीच मला अधिक लाज वाटली.

दुपारी मासळीची आमटी, भात आणि अलिबागचा पांढरा कांदा असे जेवण झाले. मग सुरूच्या सावलीत पडून राहिलो. येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये मुंबईच्या कुलाब्याहून आणली, कारण विजेच्या ट्रॅममुळे तेथील नाजूक उपकरणांची नोंद बिघडली असती. मुंबईची ट्रॅम १९६४ मध्ये बंद झाली. वेधशाळेचे काम येथे चालूच आहे. दीडच्या सुमारास पाहिले, तो सकाळची आमची वाट पाण्याखाली नाहीशी झाली होती.

संध्याकाळी आईने विचारले, "एवढे पाणी आपल्याकडे कधी येत नाही का रे?"

मी म्हणालो, "येते, जूनमध्ये येते." याच पाण्याची वाफ ढग होऊन सह्याद्रीवर चढते, बरीचशी तेथेच सांडते, उरलेले ढग पूर्वेकडच्या समुद्रावरील ढगांना मिळून सातपुड्यावर बरसतात. मग जाम भरते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या नदीलाही भरती-ओहोटी आहे, वर्षातून एकदा."

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानी आले नव्हते. यंदा तो धडा मी तिच्याच शब्दांत शिकविला. मुलांनी तिथीची पाऊणपट करून वेळा काढल्या. शेवटी नेहमीचा प्रश्न आला. मी पान उलटले नाही. पाणी कोठवर आले होते, ते गुडघ्यावर हात ठेवून दाखविले.