सरसाचं भांडं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील अनुभव’ सांगायला सांगितलं होतं. तो अनुभव तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आहे आणि उरलेल्यांना त्यांची मुलं रोज ऐकवतात. म्हणून मी आज सरसाबद्दल बोलणार आहे.

सरस म्हटल्यावर पुढच्या रांगेत बसलेले आपले सुतारकामाचे सर हसले, ते मी इथून पाहिलं. आठवतंय ना? कार्यानुभवाच्या तासाला मुलं कार्यशाळेत जायची आणि आम्ही मुली शिवणाच्या वर्गात. शिवणाच्या बाईंनी मनापासून शिकवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण कार्यशाळेच्या खिडकीतून सरसाचा तो उग्र वास यायचा आणि माझं लक्ष टाक्यांवरून उडायचं. एकदा मी सरळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. सरांनी रागावायचं सोडून हातात काडी दिली आणि म्हणाले, “ढवळ. पण उकळू देऊ नकोस. उकळला की मेला.” दोन मिनिटं ढवळलं असेल. मग घंटा झाली.

पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली आणि कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहिले. तिथे नाझरेथ गावात मार्टिन कंपनीचा गिटारचा कारखाना आहे. कंपनी 1833 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली आणि काही वर्षांनी या गावी आली. मुलाला घेऊन तो कारखाना पाहायला गेले. तिथे कळलं की 1960च्या दशकापर्यंत त्यांच्या गिटारी गरम सरसानेच जोडत, पुढे आधुनिक गोंद आला, आणि आता जुन्या पद्धतीच्या खास गिटारींसाठी सरस पुन्हा वापरतात. ‘हाइड ग्लू’ म्हणजे आपल्या सरांचाच सरस! त्याच महिन्यात मी गिटार बांधणाऱ्या एका कारागिराकडे शनिवारची शिकवणी लावली.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यातलं कोलॅजेन. त्याचे दाणे मिळतात. वजनाने साधारण दुप्पट गार पाण्यात काही तास भिजवले की साबुदाण्यासारखे फुगतात. मग थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून साधारण 60 अंशांपर्यंत तापवायचे. त्याच्या फार वर गेलं की प्रथिनाच्या साखळ्या तुटतात आणि चिकटपणा जातो. सरांचं ‘मेला’ म्हणजे हेच. ब्रश उचलला की न तुटता बारीक धार पडली पाहिजे. पुण्यात परतल्यावर शाकाहारी सासूबाईंनी हे प्रकरण स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तेव्हा मुलाचं जुनं दुधाची बाटली गरम करायचं यंत्र गॅलरीत मांडलं. ते आजही तिथेच आहे.

खरी परीक्षा चिकटवताना असते. सरस लावल्यापासून जेमतेम मिनिटभर मिळतं. थंड झाला की त्याची जेली होते, मग कितीही दाबा, सांधा बसत नाही. म्हणून लाकूड आधी शेकायचं, पंखा बंद करायचा, क्लॅम्प हाताशी मांडायचे आणि सरस न लावता दोन-तीनदा रंगीत तालीम करायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले तालीम टाळण्यात पटाईत, त्यामुळे हे शिकायला मला वेळ लागला.

माझ्या पहिल्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा ज्या पट्टीला अडकवतात ती, चिकटवताना ऑफिसचा फोन आला. मी घेतला. वीस सेकंद बोलले असेन. ब्रिज दिसायला छान बसला. स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे 70 किलोंनी ओढतात. तीन आठवड्यांनी, ऐन जुलैत, मध्यरात्री धाडकन आवाज झाला आणि घर जागं झालं. ब्रिज उखडून तारांना लोंबत होता. वर्षभराचं काम! मी अक्षरशः रडले.

सकाळी पाहिलं तर लाकडाचा एक कपचाही निघाला नव्हता. कोमट पाण्याने जुना सरस पुसला गेला. पुन्हा तालीम केली, फोन बंद केला, पुन्हा चिकटवला. त्याला चार पावसाळे झाले.

सरसाने आवाज गोड होतो असं काही जण म्हणतात. माझ्या कानांना फरक कळत नाही, मी पैज लावणार नाही. पण दोन गोष्टी हाताला कळतात. वाळलेला सरस काचेसारखा कडक होतो, ताणाखाली हळूहळू सरकत नाही. आणि उष्णता व ओलावा दिला की सांधा पुन्हा उघडतो. नवा सरस जुन्यावर धरतो. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीची स्ट्रॅडिव्हरीची व्हायोलिन्स उघडून दुरुस्त करता येतात. त्याचे दोषही आहेत. उन्हात गाडीत गिटार विसरलात तर सांधे सुटतील, आणि उरलेला सरस फ्रिजमध्ये ठेवला नाही तर नासेल. 1959 मध्ये फेव्हिकॉल आला आणि सुतारांनी सरसाचं भांडं हळूहळू खाली उतरवलं, त्यात त्यांची चूक नव्हती. टेबलाला उघडायची गरज नसते, वाद्याला असते.

आता मुद्द्याचं. काल मी आपली कार्यशाळा पाहून आले. तिथे मोडके बाक रचलेत आणि दाराला कुलूप आहे. रंधे गंजलेत, पण पटाश्यांना अजून धार लावता येईल. मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी किल्ली द्यायला त्या तयार आहेत. मी येईन. अवजारांचा पहिला खर्च माझा. तुमच्याकडून पैसे नकोत, तुमचे शनिवार हवेत. सुरुवात त्या मोडक्या बाकांपासून करू, आणि मुलगे-मुली एकत्र शिकतील.

सर, तुम्ही आता ऐंशीच्या पुढे आहात, हात थरथरतात म्हणालात. तुम्ही फक्त खुर्चीवर बसून पाहा आणि भांडं उकळायला लागलं की ओरडा. माझी ती दोन मिनिटं घंटेमुळे अर्धवट राहिली होती. ती मला पूर्ण करायची आहेत.